साठा उघडेना तर काय करावें?

अंबड तालुक्यांतील अंतरवाली सराटी हें गांव २०२३ सालच्या उपोषणामुळें सर्वतोमुखीं झालें. पुढें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीनें निजामकालीन दप्तरांतून कुणबी नोंदी शोधिल्या, आणि जीर्ण कागदाचें मोल घरोघर कळलें. असे कागद आतां छायारूपानें संगणकाच्या तबकड्यांवर ठेवितात. परंतु त्या तबकड्याच उघडेनात तर?

युनिक्सच्या वळणाच्या यंत्रांवर अनेक तबकड्या मिळून एकच साठा करणारी झेडएफएस नांवाची रचना आहे. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनींत जेफ बॉनविक व मॅथ्यू एरेन्स यांनीं तिचें काम २००१ सालीं आरंभिलें. साठा दुसऱ्या यंत्रावर नेल्यास 'झेडपूल इंपोर्ट' ही आज्ञा द्यावी लागते, आणि कधीं कधीं ती नाकारली जाते.

प्रत्येक तबकडीवर साठ्याचीं चार लेबलें असतात, दोन आरंभीं व दोन शेवटीं. त्यांत साठ्याचें नांव व सोबतच्या तबकड्यांची ओळख लिहिलेली असते. यंत्र प्रथम हींच वाचतें. यास्तव 'साठा सांपडत नाहीं' असें उत्तर आल्यास आधीं तारा व वीज पाहावी. मग 'वजा डी' जोडून तबकड्या कोठें शोधावयाच्या तें सांगावें.

'साठा दुसऱ्या यंत्राच्या वापरांत आहे' असें उत्तर आलें तर तें पूर्वीच्या यंत्राच्या खुणेमुळें होय. तें यंत्र खरोखर बंद आहे, याची स्वतः खात्री करूनच लहान लिपींतील 'वजा एफ' वापरावें. दोन कारकुनांनीं परस्परांस न कळवितां खातेवहीच्या एकाच पानावर लिहावें, तशी दोन यंत्रांनीं एकाच वेळीं लिहिल्यास साठ्याची गत होते.

एखादी तबकडीच नाहींशी झाली असेल तर? जोडीनें ठेविलेल्या दोहोंपैकीं एक असली तरी साठा अधू स्थितींत उघडतो. जोड नसल्यास मात्र हरवलेली तबकडी शोधण्यावांचून गत्यंतर नाहीं.

नोंदीच बिघडल्या असतील तर साठा प्रथम केवळ वाचनापुरता उघडून पाहावा, व उघडल्यास सर्व कांहीं अन्यत्र उतरून घ्यावें. तोही उघडला नाहीं, तरच मोठ्या लिपींतील 'वजा एफ'. त्यानें शेवटचे कांहीं व्यवहार टाकून साठा मागें नेतां येतो. त्यास 'वजा एन' जोडल्यास कांहींही न बदलतां, हें साधेल कीं नाहीं एवढेंच कळतें. घाबरून त्याच तबकड्यांवर 'झेडपूल क्रिएट' करणें हा माझ्या मतें सर्वांत घातक उतावीळपणा. त्यानें जुनीं लेबलें पुसलीं जाऊन पुढील वाट बहुधा बंदच होते.