पासष्ट मिलिमीटरची बातमी

किडनी 75 हजार, यकृत 90 हजार, डोळे 25 हजार. नोव्हेंबर 2023 मध्ये सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या दहा शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी स्वतःचे अवयव विकायला काढले आणि हे दर थेट मुख्यमंत्र्यांना लिहून कळवले. पुढे ते मुंबईलाही जाऊन धडकले. काही दिवस हिंगोली जिल्हा देशभरच्या पडद्यांवर झळकला. 75 हजार हा आकडा लोकांच्या तोंडी बसला.

त्या आकड्यामागचं कारण मात्र बातम्यांच्या शेवटच्या ओळीत ढकललं गेलं. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात 1901 पासूनच्या नोंदींमधला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. पावसाने ओढ दिली, पांढऱ्या माशीने सोयाबीनवर येलो मोझॅक पसरवला, शेंगा भरल्याच नाहीत. माशीला कॅमेऱ्यात जागा नव्हती, किडनीला होती.

कॅमेरे परत गेल्यावर तालुक्याला उरतो तो वार्ताहर. जुनी दुचाकी, फोन, त्यावर लावायचा बूम आणि स्वतःचं यूट्यूब चॅनल, एवढ्या भांडवलावर असे कितीतरी जण मराठवाड्यात बातमीदारी करतात. त्यांच्यातलाच एक हिंगोलीचा. सकाळी तो आधी बाजार समितीचे भाव टाकतो, मग तहसीलला चक्कर, मग शेत. पगार नाही. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट आणि नेत्यांचे वाढदिवस या दिवसांच्या जाहिरातींवर वर्ष निघतं. बियाणं उगवलं नाही अशी तक्रार घेऊन शेतकरी येतो, तेव्हा ज्या कृषी सेवा केंद्राची जाहिरात चॅनलवर चालू असते त्याच दुकानाची पावती कधी कधी त्याच्या हातात असते. अशा वेळी वार्ताहर काय करतो? बातमी लावतो, आणि पुढचे महिने त्या जाहिरातीविना काढतो. स्वतंत्र पत्रकारितेवर शहरात परिसंवाद होतात, पण तिची किंमत कळते ती इथे, या हिशेबात.

सप्टेंबर 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत मराठवाड्यावर पाऊस कोसळला. कयाधू नदी पात्राबाहेर आली. पाणी ओसरल्यावर शेतांमधून जो कुजका, आंबूस वास येतो, तो व्हिडिओत येत नाही, हे त्याला सलत राहतं. तो वाकून झाड उपटतो, काळी पडलेली मुळं कॅमेऱ्यासमोर धरतो, शेंग फोडून दाखवतो. बोलणाऱ्या माणसाआधी मूळ दाखवायचं, हा त्याचा नेम. एका मोठ्या वाहिनीला त्याने असं चित्रण पाठवलं, तर तिकडून निरोप आला: रडणारं कुणी आहे का?

त्या आठवड्यात त्याचा फोन सारखा वाजत असतो आणि प्रश्न एकच असतो. ‘भाऊ, आमच्या मंडळात किती दाखवलाय?’

सगळं अडतं ते 65 वर. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला, की ती अतिवृष्टी. त्यानंतर पंचनामा, त्यात 33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान दिसलं तर मदत. मंडळात अनेक गावं असतात आणि ‘महावेध’चं स्वयंचलित हवामान केंद्र एखाद्याच ठिकाणी उभं असतं. ढगफुटी मंडळाच्या एका टोकाला झाली आणि यंत्र दुसऱ्या टोकाला असलं, तर वाहून गेलेल्या रानाचा मालक कागदावर कोरडाच राहतो. ‘डोळ्यांदेखत बांध फुटला, अन् साहेब म्हणायलेत पाऊसच कमी पडला,’ असं कळमनुरीकडचा एक म्हातारा बोलून गेला. वार्ताहराने ते वाक्य जसंच्या तसं टाकलं, आणि खाली मंडळाचा अधिकृत आकडाही दिला. दोन्ही शेजारी ठेवणं, हीच त्याची पत्रकारिता.

पर्यावरण आणि राजकारण या दोन वेगळ्या पुरवण्या नाहीत, हे या 65 इतकं दुसरं काहीच स्पष्ट करत नाही. यंत्र कुठे बसवायचं हा निर्णय माणसांचा असतो, आणि त्यावर कुणाचं पीक मदतीत बसतं ते ठरतं. पवनार ते पत्रादेवी अशा, मूळ आराखड्यात 802 किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाचंही तेच. बारा जिल्ह्यांमधून जाणारी त्याची ती आखणी हिंगोलीतल्या हळदीच्या आणि कालव्याच्या पाण्यावरच्या जमिनींवरून झाली, तेव्हा हा माणूस अधिसूचनेतले गट क्रमांक घेऊन गावोगाव फिरला. आपला गट त्यात आहे, हे कितीतरी जणांना त्याच्या फोनवरच पहिल्यांदा दिसलं. 2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा आनंद सगळ्यांनी छापला. त्याच मातीत मोजणीचे दगड रोवू नका म्हणणारे लोक मात्र आतल्या पानावर, एका कॉलमात.

चोरट्या वाळूउपशाच्या बातमीला तो एकटा जात नाही. 6 फेब्रुवारी 2023 ला राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने चिरडलं आणि दुसऱ्या दिवशी ते गेले, हे इकडच्या प्रत्येक वार्ताहराला ठाऊक आहे. बारसूच्या प्रस्तावित रिफायनरीविषयी ते ‘महानगरी टाइम्स’मध्ये सातत्याने लिहीत होते. ज्याच्याविषयीची त्यांची बातमी त्याच दिवशी आली होती, त्याच जमीन व्यावसायिकावर खुनाचा गुन्हा दाखल झाला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा राज्याच्या विधिमंडळाने 2017 मध्येच मंजूर केला होता. तो कायदा रात्री नदीकाठी वाळूच्या हायवा ट्रकच्या दिव्यांसमोर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचलेला दिसत नाही.

पी. साईनाथांनी डिसेंबर 2014 मध्ये सुरू केलेली ‘पारी’ ही वेबसाइट ग्रामीण माणसांच्या गोष्टी मराठीसह अनेक भाषांत, सविस्तर आणि सन्मानाने प्रसिद्ध करते. ते मोलाचं काम आहे, त्याला पर्याय नाही. पण पंचनामा किती तारखेला झाला, कुणाच्या बांधावर झाला, तलाठी शेतात उतरला की रस्त्यावरूनच फोटो काढून गेला, हे रोजच्या रोज लिहायला तालुक्यातच राहणारा माणूस लागतो. त्याला महिन्याचा पगार देणारी व्यवस्था आपण उभी केलेली नाही. 75 हजारांचा आकडा ऐकून हळहळलेल्या महाराष्ट्राने एवढं तरी करायला हवं होतं.

सध्या त्याने माहिती अधिकाराचा अर्ज टाकला आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांची मुदत. मंडळनिहाय पर्जन्यमापक नेमके कोणत्या गटात उभे आहेत, त्यांची तपासणी शेवटची कधी झाली आणि ती कुणी केली, असे तीन प्रश्न त्यात आहेत. उत्तर आलं की प्रत्येक केंद्रावर जाऊन चित्रण करायचं ठरलंय. पेट्रोलचे पैसे तीन गावांच्या शेतकऱ्यांनी वर्गणी काढून देऊ केलेत.