मोटारीच्या स्टिअरिंगचा आवाज व त्याची परीक्षा

ज्या घरात जुनी मोटार आहे, त्या घरात तिच्या आवाजांविषयी दोन पक्ष असावयाचेच. एक म्हणतो, ‘जुनी गाडी वाजावयाचीच’; दुसरा म्हणतो, ‘विकून टाका’. आवाज कोठून येतो हे मात्र कोणीच पाहत नाही. आमच्या धरमपेठेतील घरी गेल्या आश्विनात असेच घडले. त्यात प्रमाद आमचाच होता, म्हणून तो वृत्तांत वाचकांपुढे ठेवणे आम्हांस कर्तव्य वाटते.

आमची गाडी १९९९ सालची मारुती ८००. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात प्रथम लोकांच्या हाती आली व २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. पावसाळा सरल्यावर गोकुळपेठेच्या बाजाराकडे वळताना पुढून ‘कट्’ असा आवाज येऊ लागला. आम्ही पहिल्या पक्षाचे. तीन आठवडे त्याच गाडीतून नातवंडे शाळेत जात होती. पुढे कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास थोरल्या वहिनींस रामटेकच्या दर्शनास न्यावयाचे ठरले. वहिनींचे वय ऐंशीच्या पलीकडचे. त्या म्हणाल्या, “भाऊजी, गाडी कुरकुरते आहे. आधी तिला दाखवा, मग मला न्या.”

एका गॅरेजात दोन मिनिटे चाक फिरवून मिस्त्रीने सांगितले, ‘सगळी रॅक बदलावी लागेल.’ खर्चाचा आकडा ऐकून पुतण्या म्हणाला, “काका, त्यापेक्षा गाडीच काढून टाकू.” तेव्हा आम्हांस लहानपणी घोकलेला तर्कसंग्रह आठवला. कारण असेल तेथे कार्य दिसावे, कारण काढून घेतले की कार्य नाहीसे व्हावे. या अन्वय-व्यतिरेकाच्या कसोटीला न लावता निदान कसे मानावयाचे?

या गाडीची रचना सोपी आहे. स्टिअरिंगचा दांडा एक लहान दातेरी चक्र फिरवितो. ते एका दातेरी पट्टीस डावी-उजवीकडे सरकविते. हीच रॅक. तिच्या दोन्ही टोकांस टाय रॉड असून त्यांच्या शेवटी टाय रॉड एंड, म्हणजे खुब्याच्या सांध्याप्रमाणे खोबणीत बसविलेला पोलादी गोळा असतो.

आवाजाची जात ओळखली की अर्धे काम झाले. गाडी पूर्ण वळणावर चालत असता ओळीने ‘टक् टक्’ वाजले, तर अॅक्सलच्या बाहेरील सांध्याचा संशय घ्यावा. उभ्या गाडीत चाक फिरविताच स्प्रिंग उसळल्यासारखा ‘ठण्’ आवाज झाला, तर शॉकअपच्या वरच्या बेअरिंगचा. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत कण्हण्यासारखा सूर निघाला, तर प्रथम तेलाची पातळी पाहावी. आमच्या गाडीत खड्ड्यावर, किंवा चाकास लहानसा हेलकावा देताच, एकच ‘कट्’ होई.

गाडी सपाट जमिनीवर उभी करून, इंजिन बंद ठेवून, पुतण्यास चाक बोटभर इकडे-तिकडे हलवावयास सांगितले. आम्ही एकेका सांध्यावर तळहात ठेवला. रॅक शांत, डावी बाजू शांत, उजव्या टाय रॉड एंडवर मात्र तळहातास स्पष्ट ठोका लागला. मग जॅकने ती बाजू उचलून खाली भक्कम स्टँड दिला, कारण नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातदेखील घालू नये. चाक डाव्या-उजव्या कडांस धरून हलविले तो ते सैल. वर-खाली धरून हलविले तो घट्ट. म्हणजे खालचा बॉल जॉइंट व चाकाचे बेअरिंग निर्दोष ठरले.

सांध्याची रबरी टोपी फाटली होती. नागपुरात वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, रबर तडकते. पावसात चिखलपाणी आत शिरते, ग्रीस निघून जाते आणि गोळा झिजतो.

दुसऱ्या मिस्त्रीकडून तेवढाच भाग बदलून घेतला. जुना काढताना त्याने फेरे मोजले व नवा तितक्याच फेऱ्यांनी बसविला. कॉटर पिन नवी घातली. छिद्र जुळेना तेव्हा नट मागे न फिरविता थोडा पुढेच कसला. शेवटी चाकांचे अलाइनमेंट करविले. आवाज गेला, व्यतिरेकही सिद्ध झाला.

जुना सांधा आम्ही हाती घेऊन पाहिला. गोळा खोबणीत लोंबत होता. तो भर रस्त्यात निसटता, तर ते चाक पुतण्याच्या ताब्यात राहिले नसते. त्या तीन आठवड्यांची आठवण झाली की अजून अंगावर काटा येतो.

पौर्णिमेआधी चार दिवस वहिनींस रामटेकला नेऊन आणले. वाटेत त्या एवढेच म्हणाल्या, “आज कुरकुरली नाही.” ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर एकदा चाकांमागील रबरी टोप्या अवश्य पाहाव्या, आणि घरातील वडीलधारे माणूस ‘गाडी वाजते’ म्हणाले, तर ते त्याच दिवशी ऐकावे.