डेलाइटिंग (वाहतूक)

डेलाइटिंग ही वाहतूक-सुरक्षेची एक उपाययोजना आहे. तीत चौकाच्या किंवा पादचारी मार्गाच्या लगतचा, रस्त्याच्या कडेचा काही मीटर लांबीचा पट्टा उभ्या वाहनांपासून मोकळा ठेवला जातो. रस्ता ओलांडणारी व्यक्ती आणि समोरून येणारा वाहनचालक यांना एकमेक वेळेत दिसावेत, हा तिचा हेतू असतो. इंग्रजीत ‘डेलाइट’ म्हणजे दिवसाचा उजेड. वाहनांच्या आड गेलेला कोपरा उजेडात आणणे, असा या संज्ञेचा आशय आहे. जमिनीखालून वळवलेले ओढे पुन्हा उघडे करण्याच्या कामालाही हीच संज्ञा वापरतात. प्रस्तुत लेख केवळ रस्त्यांविषयी आहे.

पार्श्वभूमी

निवासी भागांतील बहुसंख्य चौकांत वाहतूक दिवे नसतात. तेथील सुरक्षितता चालक आणि पादचारी यांनी एकमेकांना पाहून घेतलेल्या निर्णयावर अवलंबून असते. कोपऱ्यापर्यंत वाहने उभी असली की हा निर्णय घेण्यास लागणारी माहितीच दोघांना मिळत नाही. चालकाला पदपथाची कड दिसत नाही आणि पादचाऱ्याला वाहन पाहण्यासाठी रस्त्यात पाऊल टाकावे लागते. आडरस्त्यावरून मुख्य रस्त्यावर येणाऱ्या चालकालाही वाहनाचा पुढचा भाग चौकात घुसवल्याखेरीज दोन्ही बाजूंची वाहतूक दिसत नाही. लहान मुले व चाकाच्या खुर्चीतील व्यक्ती यांची उंची उभ्या मोटारीपेक्षा कमी असल्याने त्यांना या आडोशाचा धोका अधिक असतो. व्हॅन, मालमोटारी आणि उंच बांध्याच्या मोटारी यांच्यामागे तर प्रौढ व्यक्तीही झाकली जाते.

दृष्टिरेषेचे गणित

या उपायाचे तत्त्व साध्या भूमितीने समजते. समजा, कडेला उभ्या असलेल्या मोटारीची बाहेरची बाजू पदपथापासून २ मीटरवर आहे, येणाऱ्या चालकाचा डोळा पदपथापासून ३.५ मीटरवर आहे आणि एक मूल पदपथावरून उतरून १ मीटर पुढे आले आहे. मोटारीच्या कोपऱ्यावरून जाणारी दृष्टिरेषा काढल्यास समरूप त्रिकोणांच्या नियमानुसार, मोटार आणि मूल यांच्यातील अंतराच्या अडीचपट अंतरावरून चालकाला मूल प्रथम दिसते. मोटार १ मीटरवर असल्यास हे अंतर २.५ मीटर भरते. मोटार ६ मीटरवर असल्यास ते १५ मीटर होते. ताशी ३० किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला सुमारे ८.३ मीटर पुढे जाते. म्हणजे पहिल्या स्थितीत चालकाला सुमारे ०.३ सेकंद मिळतात, तर दुसऱ्या स्थितीत सुमारे १.८ सेकंद.

तथापि, रस्त्यांच्या आराखड्यात सामान्यतः २.५ सेकंदांचा प्रतिसादकाल धरला जातो. त्यात ब्रेक लावल्यानंतरचे अंतर मिळवल्यास ताशी ३० किलोमीटर वेगाला थांबण्यासाठी सुमारे ३० मीटर, तर ताशी ५० किलोमीटर वेगाला सुमारे ६० मीटर अंतर लागते. त्यामुळे कोपरा मोकळा करणे आणि वेग कमी राखणे या दोन गोष्टी परस्परपूरक ठरतात. पहिली दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

अंमलबजावणीचे प्रकार

सर्वांत स्वस्त प्रकारात पदपथाची कड रंगवली जाते किंवा ‘नो पार्किंग’ची पाटी लावली जाते. हे काम थोड्या खर्चात व अल्प काळात होते. मात्र नियम न पाळणारे वाहन त्यामुळे थांबत नाही. मोकळी जागा दिसताच ‘दोन मिनिटांसाठी’ थांबणारी मालवाहू व टॅक्सी वाहने ती व्यापतात, आणि अडथळा निर्माण होण्यास तेवढी दोन मिनिटे पुरेशी असतात.

दुसऱ्या प्रकारात त्या जागेत लवचीक खांब, दगड, कुंड्या किंवा सायकली लावण्याचे ठेंगणे रॅक बसवले जातात. सायकलींच्या वरून पलीकडचे दिसत असल्याने पार्किंगची काही सोय राखूनही दृष्टिरेषा खुली राहते.

तिसऱ्या प्रकारात पदपथच कोपऱ्यावर रस्त्याच्या बाजूला रुंद केला जातो. हा सर्वांत खर्चिक पण टिकाऊ उपाय आहे. पादचारी उभ्या वाहनांच्या बाहेरच्या रेषेजवळ येऊन थांबतो, त्यामुळे रस्त्यावर पाऊल टाकण्यापूर्वीच तो चालकाला दिसतो. शिवाय ओलांडण्याचे अंतर घटते आणि वळणाची त्रिज्या लहान झाल्याने वाहनांना वळताना वेग कमी करावा लागतो.

विविध देशांतील नियम

कोपऱ्यालगत वाहन उभे करण्यास मनाई करणारे नियम अनेक देशांत आहेत. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मधील नियम २४३ नुसार, अधिकृत पार्किंगची जागा वगळता, जंक्शनसमोर किंवा त्यापासून १० मीटरच्या आत वाहन उभे करू नये. जर्मनीत चौकाच्या आधी व नंतर ५ मीटरपर्यंत पार्किंगला मनाई असून, उजवीकडे सायकल मार्ग असल्यास चौकाआधीचे हे अंतर ८ मीटर आहे. जपानमध्येही चौकाच्या कडेपासून ५ मीटरच्या आत वाहन थांबवता येत नाही. फ्रान्समध्ये २०१९ च्या वाहतूकविषयक कायद्याने पादचारी मार्गाच्या अलीकडील ५ मीटरमध्ये मोटारींसाठी पार्किंग आखण्यास बंदी घातली. सायकलींना त्यातून वगळले आहे. जुन्या पादचारी मार्गांवर हा बदल करण्यासाठी २०२६ च्या अखेरपर्यंतची मुदत देण्यात आली.

कॅलिफोर्नियातील कायदा

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात असेंब्ली सदस्य ॲलेक्स ली यांनी मांडलेले विधेयक क्रमांक ४१३ हे २०२३ मध्ये संमत झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून लागू झाले. त्यानुसार पादचारी मार्गाच्या ज्या बाजूने वाहने येतात त्या बाजूस २० फुटांच्या (सुमारे ६ मीटर) आत वाहन थांबवता किंवा उभे करता येत नाही. पदपथ कोपऱ्यावर रुंद केलेला असल्यास हे अंतर १५ फूट आहे. पट्टे न रंगवलेले पादचारी मार्गही या तरतुदीत येतात. पदपथाची रेषा चौकातून पुढे वाढवल्यास जो भाग होतो तो तेथे पादचारी मार्ग मानला जातो. त्यामुळे ही बंदी पाटी किंवा रंग नसलेल्या कोपऱ्यांनाही लागू होते. नागरिकांना नियमाची ओळख व्हावी म्हणून पहिले वर्षभर, रंग वा पाटी नसलेल्या ठिकाणी दंडाऐवजी केवळ ताकीद देण्याची तरतूद होती. वाहतूक-सुरक्षेच्या प्रस्थापित मानकांचा आधार देऊन आणि जागेवर खूण करून स्थानिक संस्थांना वेगळे अंतर ठरवता येते.

परिणाम आणि वाद

न्यू जर्सी राज्यातील होबोकेन हे सुमारे ६०,००० वस्तीचे दाट शहर या उपायाचे उदाहरण म्हणून वारंवार उद्धृत होते. तेथे रस्त्यांची कामे होत असताना एकेका कोपऱ्यावर खांब बसवण्यात आले व पदपथ रुंद करण्यात आले. जानेवारी २०१७ नंतरची सात वर्षे शहरात वाहतूक अपघाती मृत्यू झाला नाही. मात्र त्याच काळात वेगमर्यादा कमी करणे व अन्य सुधारणाही झाल्या असल्याने हे श्रेय एकट्या डेलाइटिंगला देता येत नाही.

न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात २० फुटांची बंदी असली तरी न्यूयॉर्क शहराने स्वतःला त्यातून वगळले आहे. शहराच्या परिवहन विभागाने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, भौतिक अडथळ्यांविना केवळ पार्किंग बंद केल्याने सुरक्षितता वाढत नसल्याचे मत मांडले. मोकळ्या झालेल्या कोपऱ्यातून वाहने अधिक वेगाने वळू शकतात, हा त्यामागील युक्तिवाद होता. पादचाऱ्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या गटांनी या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. मोकळी जागा खांब किंवा पदपथाने भरली पाहिजे, याबद्दल मात्र दोन्ही बाजूंत फारसा मतभेद नाही.

रहिवाशांचा मुख्य आक्षेप पार्किंगच्या जागा कमी होण्याविषयी असतो. प्रत्येक कोपऱ्यावर साधारण एका मोटारीची जागा जाते, त्यामुळे स्वतःचे वाहनतळ नसलेल्या जुन्या वस्त्यांत तिचा भार अधिक जाणवतो. दुकानदारांना मालाच्या चढउताराची अडचण येते. काही शहरे यासाठी चौकापासून दूर, रस्त्याच्या मध्यभागी माल उतरवण्याची स्वतंत्र जागा आखून देतात.

भारतातील स्थिती

भारतात ‘डेलाइटिंग’ ही संज्ञा फारशी रूढ नाही. मात्र त्यामागील नियम जुना आहे. १९८९ च्या रस्ते-नियम विनियमांनुसार चौकाजवळ, वळणावर, पदपथावर तसेच वाहतूक दिवे व पादचारी मार्गांजवळ वाहन उभे करण्यास मनाई होती. २०१७ मध्ये त्यांची जागा मोटार वाहन चालनविषयक नव्या विनियमांनी घेतली. धोकादायक स्थितीत वाहन सोडून जाण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२२ नुसार बंदी आहे, तर पार्किंगच्या जागा ठरवण्याचा अधिकार कलम ११७ मध्ये दिलेला आहे.

महाराष्ट्रातील शहरांत अनेक रस्त्यांवर सम-विषम तारखांनुसार एकेका बाजूला पार्किंगची मुभा असते. ही पद्धत रस्त्याची रुंदी राखण्यास उपयुक्त असली, तरी परवानगी असलेल्या बाजूचा कोपरा स्वतंत्रपणे मोकळा न राखल्यास तेथील दृष्टिरेषा बंदच राहते. भारतीय चौकांत मोटारींसोबतच दुचाकींच्या रांगा, रिक्षाथांबे, हातगाड्या आणि फ्लेक्स फलक यांचाही आडोसा होतो. त्यामुळे दृश्यमानतेचा विचार केवळ मोटारींच्या पार्किंगपुरता मर्यादित ठेवता येत नाही.