धाप लागते म्हणून बसून राहू नका



बैठकीला येताना एखादी आजी दाराशीच थांबते, भिंतीला हात टेकते. आपण म्हणतो, "वय झालं." घरी सूनही मायेनं म्हणते, "आत्याबाई, तुम्ही बसा, मी करते." पण नुसतं बसवून ठेवलं की धाप कमी होत नाही, उलट वाढते.

कसं ते बघा. वर्षानुवर्षं चुलीचा धूर छातीत गेला की, विडी न ओढताही श्वासनळ्या आकसतात. या आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. खराब झालेलं फुप्फुस पहिल्यासारखं होत नाही. पण बसून बसून पायांतली ताकदही जाते, आणि दुबळ्या पायांना तेवढ्याच कामाला जास्त श्वास लागतो. ही ताकद मात्र सरावानं परत येते. मोठ्या शहरात ऑपरेशन करून ज्यांचं फुप्फुस बदलतात, त्यांनाही नंतर चालण्याचा आणि ताकदीचा व्यायाम करावाच लागतो.

आधी डॉक्टरांना दाखवा. रक्त कमी असलं किंवा हृदयाचा त्रास असला तरी धाप लागते. फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री तपासणी कुठे होते, ते आशाताईंना विचारा. डॉक्टरांनी हो म्हटलं की घरी हे करा:

१. नाकानं दोन आकडे मोजत श्वास घ्या. चहा निववताना करतो तसे ओठ करून चार आकडे मोजत सोडा.

२. रोज सपाट रस्त्यावर चाला. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की थांबा. पाच मिनिटांपासून सुरू करून हळूहळू वाढवा.

३. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून सावकाश उठा आणि बसा, आधी पाच वेळा.

कामं सोडू नका, करायची पद्धत बदला. भाजी, भांडी बसून करा. भरला हंडा एकदम नको, अर्धी कळशी दोन खेपांत आणा. उचलताना श्वास सोडा. रोज लागणारे डबे कमरेच्या उंचीवर ठेवा. आंघोळीला स्टूल घ्या.

डॉक्टरांनी पंप दिला असेल तर "सवय लागेल" म्हणून बंद करू नका. धूर चालूच राहिला तर या मेहनतीवर पाणी पडतं, म्हणून गॅस असेल तर निदान आजीसमोर चूल नको.

ओठ निळे पडले, बसल्या जागीही वाक्य पुरं होईना, छातीत दुखलं किंवा आजी गुंगीत गेल्यासारखी वाटली, तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

पुढच्या बैठकीला येताना अशा आजीला सोबत घेऊन या. गाडीवर बसवून नको, तिच्या चालीनं, थांबत थांबत. तिच्यासाठी थोडं लवकर निघावं लागेल, एवढंच.