लाकडाच्या देवीला पाणी नको



नवरात्र जवळ आलं की घर सगळं झाडून-पुसून निघतं. त्या गडबडीत भिंतीवरची कोरीव लक्ष्मी नाहीतर दुर्गा खाली उतरते आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसोबत तीही न्हाणीत जाते. आज आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत. लाकूड म्हातारं होऊन सहसा मरत नाही. त्याला मारतं ते पाणी.

लाकूड ओलं झालं की फुगतं, वाळलं की आकसतं. असं वारंवार झालं की चिरा पडतात, रंगाचे पोपडे निघतात. ओल मुरली की बुरशी आणि वाळवी आलीच.

मग देवीला अंघोळ घालायची नाही का? ओडिशात पुरीच्या जगन्नाथ मंदिरात सुभद्रादेवी आणि तिचे दोन्ही भाऊ कडुनिंबाच्या लाकडाचे आहेत. तिथे रोजचं स्नान आरशातल्या प्रतिबिंबाला घालतात. खरं पाणी पडतं ते ज्येष्ठ पौर्णिमेला. त्यानंतर देवांना ताप आला असं मानून सुमारे पंधरा दिवस दर्शन बंद ठेवतात आणि त्या काळात मूर्ती पुन्हा रंगवतात. इतकं जपूनही काही वर्षांनी, अधिक आषाढ येतो तेव्हा, नव्या मूर्ती घडवतात. मागच्या वेळी २०१५ साली घडवल्या. म्हणजे लाकडाला पाणी न घालण्यात भक्ती कुठेच उणी पडत नाही. आपल्या घरी अभिषेक टाकावर किंवा सुपारीवर करावा. हळद-कुंकू मूर्तीला न लावता पुढच्या वाटीत वाहावं, कारण कुंकवाचा डाग लाकडात मुरतो.

स्वच्छता कशी करायची? रंगकामाचा नवा, मऊ ब्रश घ्या आणि वरून खाली धूळ झाडा. खाचांसाठी काडीला कापूस गुंडाळा. मग जुन्या सुती साडीच्या कोरड्या तुकड्याने पुसा. काजळी चिकटली असेल तर कापड ओलं करून घट्ट पिळा, मागच्या बाजूला थोडं पुसून बघा, रंग उतरत नसेल तरच पुढे जा आणि लगेच कोरडं करा. पॉलिशपेपर घासू नका, त्याने कोरलेलं नाक-डोळे झिजतात. कडक उन्हातही ठेवू नका.

खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल लावू नका. ते वाळत नाही, धूळ धरतं, खवट होतं. रंग नसलेल्या लाकडाला वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि अर्ध्या तासाने जास्तीचं तेल पुसून घ्या. एक गोष्ट मात्र नीट ऐका. त्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवा. रंगवलेल्या मूर्तीला तेल लावूच नका.

आता किडीचं. मूर्तीखाली पिठासारखी भुकटी रोज नव्याने पडत असेल तर आत किडा जिवंत आहे. भिंतीवरून मातीच्या नळ्या चढत असतील तर ती वाळवी. मूर्ती लगेच इतर लाकडापासून वेगळी ठेवा आणि जाणत्या सुताराला दाखवा. रॉकेल ओतू नका. लाकूड डागाळतं, आणि पुढे दिवा लागणार असतो हे विसरू नका.

टांगताना पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळा. मागे लाकडाच्या दोन चिपा लावून बोटभर अंतर ठेवा, म्हणजे हवा खेळते. दिवा थेट मूर्तीखाली नको, थोडा पुढे ठेवा.

पुढच्या बैठकीआधी प्रत्येकीने आपल्या घरची मूर्ती उतरवून तिची पाठ बघावी. ओल आणि कीड आधी पाठीलाच लागते, आणि तिथे आपली नजर वर्षभर जात नाही.