एव्हरेस्टच्या दोन वाटा

औंढा नागनाथच्या आजूबाजूच्या टेकड्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, 1646 मीटर. अशी पाच कळसूबाई एकावर एक ठेवली, तरी एव्हरेस्टचा माथा सहाशे मीटर वरच राहतो. एव्हरेस्टची उंची 8848.86 मीटर. ते नेपाळ आणि तिबेटच्या सीमेवर आहे.

वर जायच्या मुख्य वाटा दोन. पहिली दक्षिणेची, नेपाळमधून. लुकला गावापर्यंत छोटं विमान जातं. तिथून आठ-दहा दिवस चाललं की पायथ्याचा तळ येतो, त्याला बेस कॅम्प म्हणतात. त्याच्या पुढे लगेच खुंबूचा हिमप्रपात लागतो. घराएवढे बर्फाचे ठोकळे, मधे खोल भेगा, आणि त्या भेगांवर आडव्या टाकलेल्या शिड्या. ऊन चढलं की बर्फ सैल होतो, म्हणून ही वाट रात्री किंवा पहाटेच ओलांडतात. 18 एप्रिल 2014 रोजी इथे हिमकडा कोसळला आणि 16 नेपाळी कामगारांचा जीव गेला. दुसऱ्यांसाठी दोर बांधणारी, ओझी वाहणारी ही माणसं होती.

दुसरी वाट उत्तरेची, तिबेटमधून. इथे बेस कॅम्पपर्यंत गाडी जाते आणि हिमप्रपातही लागत नाही. पण पुढे लांबलचक उघडी धार आहे, सोसाट्याचा वारा आहे, आणि माथ्याजवळ उभा खडक आहे. तो चढायला 1975 साली चिनी गिर्यारोहकांनी शिडी बसवली.

त्याच वर्षी 16 मे रोजी जपानच्या जुनको ताबेई दक्षिणेच्या वाटेनं वर पोचल्या. एव्हरेस्टवर पोचलेली ही जगातली पहिली बाई. अकराच दिवसांनी तिबेटच्या फांथोग उत्तरेकडून चढल्या. दोघीही लेकुरवाळ्या. आपल्या देशातून पहिल्या गेल्या बचेंद्री पाल, 1984 साली.

दोन्ही वाटांवर मोठी अडचण श्वासाची. माथ्यावर एका श्वासात समुद्रकाठच्या मानानं तिसरा हिस्साच प्राणवायू मिळतो. म्हणून थोडं वर जायचं, खाली येऊन झोपायचं, असं काही आठवडे करून शरीराला सवय लावतात. आठ हजार मीटरच्या वर फार वेळ थांबलं तर जीव जातो. सिलिंडरमधला प्राणवायू उतरायलाही पुरला पाहिजे. त्यामुळे किती वाजता मागे फिरायचं, हे निघण्याआधीच ठरवतात. शिखर समोर दिसत असलं तरी ती वेळ पाळायची असते, कारण थकलेल्या अंगानं उतरताना बरेच अपघात होतात.

आपल्या मराठवाड्यातल्या, छत्रपती संभाजीनगरच्या मनीषा वाघमारे 2017 साली शिखराला दोनशे मीटरही उरले नसताना खराब हवेमुळे मागे फिरल्या. केवढी तयारी, केवढा खर्च, आणि हातातोंडाशी आलेला घास! पण जीव राखला म्हणून दुसऱ्या वर्षी पुन्हा जाता आलं. 21 मे 2018 रोजी त्या माथ्यावर उभ्या राहिल्या.

तुमच्या गटाला डोंगर चढावासा वाटला, तर कळसूबाई आहे. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वाट जाते, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. पावसात त्या निसरड्या होतात, म्हणून पाऊस सरल्यावर जा. पाणी सोबत घ्या, सकाळी लवकर निघा, आणि परत फिरायची वेळ पायथ्याशीच सगळ्या मिळून ठरवा.