खाल्लेले अंगी का लागत नाही?

अंगणवाडीत मुलाच्या दंडाभोवती एक रंगीत पट्टी गुंडाळतात. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला की खूण लाल रंगावर येते आणि ते मूल ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित, म्हणून नोंदले जाते. साडेअकरा ते साडेबारा सेंटिमीटर हा पिवळा पट्टा, म्हणजे ‘मॅम’, मध्यम कुपोषित. नंदुरबार जिल्ह्यातल्या सेविकांच्या तोंडी हे दोन शब्द रोजचे झाले आहेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या जिल्ह्यातल्या पाच वर्षांखालील सुमारे 57 टक्के मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी भरले. उपचाराची वाटही ठरलेली आहे. गावात ग्राम बाल विकास केंद्र, मूल जास्त खालावले तर बाल उपचार केंद्र किंवा पोषण पुनर्वसन केंद्र. तिथे दिवसातून अनेकदा भरवले जाते, औषधे दिली जातात, वजन चढते. पण घरी परतलेल्या मुलांपैकी काही जण काही महिन्यांत पुन्हा लाल पट्ट्यात येतात. मग दोष कधी आईला दिला जातो, कधी स्थलांतराला, कधी सेविकेला. ‘खाल्लेले अंगी लागत नाही’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. गेल्या दहा-बारा वर्षांतले पचनसंस्थेवरचे संशोधन हे वाक्य शब्दशः खरे ठरवते आहे. माझे म्हणणे असे, की नंदुरबारच्या कुपोषणाकडे पोटाचा आजार म्हणूनही पाहिले पाहिजे आणि त्यावर आजारासारखेच उपचार झाले पाहिजेत.

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे लाखो रसांकुर असतात. अन्नातले पोषण रक्तात जाते ते त्यांच्यामार्फत. विष्ठेतले जंतू पाण्यातून, मातीतून, हातांवरून रोज थोडे थोडे पोटात जात राहिले तर मुलाला दरवेळी जुलाब होतीलच असे नाही, पण आतडे सतत सुजलेले राहते. रसांकुर आखूड आणि चपटे होतात, शोषणाची जागा घटते, आतड्याचे अस्तर झिरपू लागते आणि जंतूंचे अंश रक्तात उतरतात. शरीराची मोठी शक्ती त्यांच्याशी लढण्यातच खर्च होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सेल्विन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकापासून वरवर निरोगी दिसणाऱ्या लोकांमध्येही आतड्याचे असे बदल नोंदवले होते. ही या लोकांची जन्मजात ठेवण असावी, अशी शंका तेव्हा घेता येत होती. ती फिटली ती अमेरिकेच्या ‘पीस कोअर’च्या स्वयंसेवकांमुळे. पूर्व पाकिस्तानात राहून गेलेल्या या धडधाकट तरुणांच्या आतड्यांतही तेच बदल आढळले आणि मायदेशी परतल्यावर ते ओसरले. 1971 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणजे बिघाड रक्तात किंवा वंशात नाही. तो परिसरातून येतो, आणि परिसर बदलला की जातोही.

पुढचा टप्पा आतड्यातल्या सूक्ष्मजीवांचा. अमेरिकेतील सेंट लुईसचे जेफ्री गॉर्डन आणि ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्राचे तहमीद अहमद यांच्या गटांनी 2014 मध्ये एक लक्षात राहण्याजोगी गोष्ट दाखवली. निरोगी बाळाच्या पोटातली सूक्ष्मजीवसृष्टी महिन्यागणिक प्रौढ होत जाते, पण तीव्र कुपोषित मुलांमध्ये ती वयाच्या मागे राहते. मूल दीड वर्षाचे, पण त्याच्या पोटातले जीवाणू त्याहून बऱ्याच लहान बाळाचे. नेहमीचा उपचारात्मक आहार दिला की ही दरी थोडी भरते आणि आहार थांबल्यावर काही महिन्यांत पुन्हा रुंदावते. पुनर्वसन केंद्रातून घरी गेलेले मूल पुन्हा का घसरते, याचे निदान एक कारण इथे हाती लागते. 2020 मध्ये ढाक्यातल्याच, आहार देऊनही न सुधारलेल्या मुलांची एंडोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले जीवाणू तपासले गेले. त्यांतले 14 प्रकार आतड्याच्या बिघाडाशी आणि खुंटलेल्या वाढीशी जोडलेले निघाले. या मुलांच्या आतड्यातले जीवाणू जंतुमुक्त उंदरांच्या पोटात सोडल्यावर उंदरांचे आतडेही सुजले. संशय आणि पुरावा यांतले अंतर असे कमी होत जाते.

मग उपचार काय? 2021 मध्ये त्याच गटाने ढाक्यातल्या मीरपूर वस्तीतल्या मध्यम कुपोषित मुलांवर एक चाचणी प्रसिद्ध केली. मुले 12 ते 18 महिन्यांची. अर्ध्यांना तांदूळ-डाळीचा प्रचलित पूरक आहार, अर्ध्यांना हरभरा, सोयाबीन, शेंगदाणा आणि कच्ची केळी यांचे मिश्रण. हे घटक चवीसाठी निवडलेले नव्हते. मागे पडलेल्या उपयोगी जीवाणूंना जे अन्न वाढवते, ते आधी प्राण्यांवरच्या प्रयोगांत हुडकून मग मिश्रण बनवले होते. तीन महिन्यांनी नव्या मिश्रणाच्या मुलांचे वजन अधिक वेगाने वाढलेले दिसले. त्यांच्या रक्तात हाडांच्या आणि मेंदूच्या वाढीशी निगडित प्रथिनेही वाढली होती. विशेष म्हणजे या मिश्रणात उष्मांक प्रचलित आहारापेक्षा कमी होते. कमी उष्मांकांवर जास्त वाढ, हे नुसत्या कॅलरी मोजण्याच्या हिशेबात बसत नाही. 2024 मध्ये त्यामागचे एक कारणही पुढे आले. हरभरा-केळ्यांतल्या तंतुमय शर्करा ‘प्रिव्होटेला कॉप्री’ या जीवाणूच्या काही जाती पचवतात, आणि वजनवाढ त्यांच्याशी जोडलेली दिसते. कच्च्या केळ्याचा अनुभव तर जुना आहे. त्यातला सहज न पचणारा पिष्ट मोठ्या आतड्यात जाऊन तिथल्या पेशींना इंधन पुरवतो, आणि रेंगाळणाऱ्या अतिसारात त्याचा उपयोग होतो, हे ढाक्यातच 2001 मध्ये दाखवले गेले होते. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-तळोद्याच्या सपाटीवर केळीच्या बागा आहेत, हरभरा आहे. सातपुड्याच्या पायथ्याला पिकणारी वस्तू डोंगरावरच्या मुलासाठी औषध ठरू शकते, हा विचारच मला फार मोलाचा वाटतो.

यकृताचाही इथे संबंध आहे. 2024 मध्ये अमेरिकेत चरबीयुक्त यकृताच्या गंभीर आजारावर ‘रेस्मेटिरॉम’ या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली आणि त्याची मोठी बातमी झाली, ती रास्तच होती. पण अंगावर सूज आलेल्या कुपोषित मुलाच्या यकृतातही चरबी साठते, कारण ती बाहेर वाहून नेणारी प्रथिनेच पुरेशी बनत नाहीत. या यकृतावर गोळी नाही, त्याला आहार आणि धड आतडे लागते. तोंडाने द्यायच्या लसीचेही तसेच, तिलाही धड आतडे लागते. भारतीय रोटाव्हायरस लसीच्या चाचणीत पुण्याजवळचे वढू हे एक केंद्र होते. पहिल्या वर्षात रोटाव्हायरसच्या गंभीर अतिसारापासून सुमारे 56 टक्के संरक्षण मिळाले. श्रीमंत देशांत तोंडाने द्यायच्या अशाच लसींनी 85 टक्क्यांहून अधिक संरक्षण दिले आहे. या तफावतीच्या कारणांत शास्त्रज्ञ आतड्याच्या अवस्थेकडेही बोट दाखवतात. तरीही 56 टक्के म्हणजे रोटाव्हायरसचे निम्म्याहून अधिक गंभीर आजार टळले, हे विसरू नये.

या मांडणीवरचा पहिला आक्षेप गंभीर आहे. नंदुरबारमध्ये रोजगार नाही, दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत जातात, नर्मदाकाठच्या पाड्यांवर तरंगता दवाखाना जातो, रस्ता नसलेल्या पाड्यांवरून आजाऱ्याला झोळीतून आणावे लागते. अशा ठिकाणी जीवाणूंची भाषा करणे म्हणजे गरिबीचा प्रश्न प्रयोगशाळेत ढकलणे नव्हे का? ही भीती खरी आहे, आणि कोणत्याही पाकिटबंद मिश्रणाने मजुरीची किंवा रेशनची जागा घेऊ नये, हे मी आधी मान्य करतो. भूक पहिली. पण आजारी आतड्याचे संशोधन गरिबीला माफी देत नाही, उलट तिची आणखी एक किंमत दाखवते. गरीब घरातले मूल कमी खाते आणि जे खाते त्यातलेही कमी शोषते. अमृत आहार योजनेतून अनुसूचित क्षेत्रातल्या मुलांना 2016 पासून अंडी किंवा केळी मिळतात. तो घास पूर्ण अंगी लागावा, एवढीच ही मागणी आहे.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. परिसर दोषी असेल तर शौचालये बांधून उंची वाढायला हवी होती. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे इथल्या मोठ्या चाचण्यांत स्वच्छ पाणी, शौचालय आणि हात धुणे यांनी मुलांची वाढ सुधारली नाही. हे निकाल टाळून पुढे जाता येणार नाही. त्यांचा मला पटणारा अर्थ असा, की घरापुरता खड्डा आणि क्लोरीनची बाटली एवढ्याने विष्ठेचा संपर्क पुरेसा घटतच नाही. अख्खे गाव बदलावे लागते. या अर्थाला आधार महाराष्ट्रातलाच आहे. 2004 मध्ये अहमदनगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) गावपातळीवर स्वच्छतेचा प्रयोग झाला. त्या गावांतल्या मुलांची सरासरी उंची वाढल्याचे जेफ्री हॅमर आणि डीन स्पीअर्स यांना आढळले. हा प्रयोग मुळात अहमदनगर, नांदेड आणि नंदुरबार अशा तीन जिल्ह्यांसाठी आखला होता. प्रत्यक्षात तो अहमदनगरमध्येच झाला. ज्या जिल्ह्याला गरज सर्वांत जास्त, तिथवर प्रयोग पोहोचत नाही, हे दुखणे जुने आहे.

तिसरा आक्षेप असा, की मीरपूरच्या चाचणीत जेमतेम 118 मुले होती आणि ढाक्यातले मूल म्हणजे नंदुरबारमधल्या धडगावचे मूल नव्हे. हा मला पूर्ण मान्य आहे. मक्याची भाकर आणि उडदाची डाळ खाणाऱ्या, सिकलसेलचा भार वाहणाऱ्या समाजातल्या मुलांच्या पोटातले जीवाणू वेगळे असू शकतात. म्हणूनच ते मिश्रण आहे तसे उचलून आणा, असे मी म्हणत नाही. पण साधेपणावरून त्याला कमीही लेखू नये. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी वाटले, आणि कॉलऱ्याचे मृत्यू 30 टक्क्यांच्या आसपास होते ते 4 टक्क्यांच्या खाली आले. ग्लुकोज सोबत असेल तर आजारी आतडेही सोडियम आणि पाणी शोषते, या एका शोधावर ते पाणी उभे होते. ओआरएस आणि जुलाब सुरू झाल्यापासून 14 दिवस झिंक हे आजही प्रत्येक पाड्यावर पोहोचायला हवे, त्यासाठी नव्या संशोधनाची वाट पाहण्याची गरज नाही. नंदुरबारला 2020 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याने, अंगणवाड्यांनी आणि आदिवासी विकास विभागाने मिळून स्थानिक हरभरा, शेंगदाणा आणि कच्च्या केळीच्या आहाराची रीतसर चाचणी जिल्ह्यातल्या अक्राणी-अक्कलकुवा तालुक्यांत, पालकांची संमती घेऊन, त्यांच्या भिली-पावरी बोलीत समजावून सुरू करावी. या वेळी प्रयोगाच्या यादीतून नंदुरबारचे नाव गळू देऊ नका.